नाडी थांबली, हृदय चालूच : लोणावळ्याची प्रयोगशाळा आणि ‘हार्ट फेल’चा इतिहास

१९५७ साली अमेरिकेतून आलेले दोन शास्त्रज्ञ नोंदी घेणारे एक यंत्र बरोबर घेऊन भारतभर हिंडत होते. मेरियन वेंगर हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. बसू कुमार बागची हे मूळचे बंगाली, मिशिगन विद्यापीठात मेंदूच्या विद्युत्‌लहरींचे अभ्यासक. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाल कृष्ण आनंद त्यांच्या सोबतीला होते. त्यांच्या मुक्कामांपैकी एक होता लोणावळ्याचे कैवल्यधाम. योगाभ्यासाने शरीरात काय बदल होतात हे त्यांना मोजायचे होते. पण लोकांच्या कुतूहलाचा प्रश्न वेगळाच होता. योगी आपले हृदय इच्छेनुसार थांबवू शकतो काय?

हा दावा जुना होता आणि त्याला शास्त्रीय वाटावा असा पुरावाही होता. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ महिला हलवता येण्याजोगे ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या होत्या. एका साधकाच्या आलेखावर हृदयाचे तरंग जवळजवळ सपाट झालेले त्यांना दिसले. पुढच्याच वर्षी ही नोंद पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली आणि युरोपातील पुस्तकांतून वीस वर्षे उद्धृत होत राहिली.

वेंगर, बागची आणि आनंद यांनी असे सामर्थ्य असल्याचे सांगणारे चार साधक तपासले. निष्कर्ष डिसेंबर १९६१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आला. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांनी खोल श्वास घेऊन तो कोंडला, हनुवटी छातीशी घट्ट टेकवली, छाती-पोटाचे स्नायू आवळले. मनगटाची नाडी खरोखरच हाताला लागेनाशी झाली. छातीवर ठेवलेल्या नळीतून हृदयाचे ठोकेही नीट ऐकू येईनात. स्नायूंच्या आवाजात ते बुडून गेले. मात्र कागदावर ईसीजीची सुई आपले काम करतच राहिली. हृदय चालू होते.

यात फसवणूक नव्हती, हे आवर्जून सांगायला हवे. साधकाला स्वतःची नाडी गेल्याचे जाणवत होते, पाहणाऱ्याच्या बोटांनाही ते जाणवत होते. चूक होती ती अनुमानात : नाडी नाही, म्हणजे हृदय नाही. खोल श्वास आणि स्नायूंच्या ताणाने हृदयाची छातीतील जागा थोडी सरकते, आणि ईसीजीच्या एखाद्याच जोडणीवर भिस्त ठेवली तर तरंग लहान झालेले दिसू शकतात, हेही आज माहीत आहे. चौथ्या साधकाचा दावा माफक होता, हृदय मंद करण्याचा. आणि त्याने ते करूनही दाखवले.

मग नाडी जाते कुठे? श्वास कोंडून जोर केला की छातीतील दाब वाढतो. शरीरभरातून अशुद्ध रक्त परत आणणाऱ्या नीला पातळ भिंतींच्या असतात, त्या दबतात. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, आणि जे आलेच नाही ते हृदय पुढे ढकलणार कसे? ठोका पडतो, पण तो जवळजवळ रिकामा. अठराव्या शतकाच्या आरंभी इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्साल्वा याने कानाच्या संदर्भात या युक्तीचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात तिला त्याचे नाव आहे. जालंधर बंधासह केलेला कुंभक तिचा सख्खा नातलग.

याच युक्तीचा दुसरा धागा लंडनला जातो. वेंगर भारतात येण्याच्या दोन वर्षे आधी, १९५५ मध्ये, शार्पी-शेफर या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले की निरोगी माणसाने श्वास कोंडून जोर केला तर रक्तदाब आधी चढतो, मग उतरतो आणि श्वास सोडताच उसळी मारतो. ज्याचे हृदय निकामी होत चालले आहे त्याच्यात तसे होत नाही. जोर असेपर्यंत दाब वर चढून तिथेच राहतो, श्वास सोडताच खाली येतो, उसळी नाहीच. आलेखावर चौकोन उमटतो. कारण साधे आहे. त्या रुग्णाच्या फुप्फुसांत आणि नीलांत रक्त आधीच तुंबलेले असते. आवक काही क्षण थांबली तरी साठा पुरतो. ज्या क्रियेने साधकाची नाडी गेली, तीच क्रिया आजारी हृदयाची नाडी जाऊ देत नाही.

आता भाषेकडे वळू, कारण या विषयातले निम्मे अनर्थ भाषेत आहेत. मराठी माणूस ‘हार्ट फेल झाले’ म्हणतो तेव्हा त्याला ‘माणूस गेला’ असे म्हणायचे असते. रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत; हार्ट फेल. हा अर्थ बोलीत इतका मुरला आहे की दवाखान्यात डॉक्टरांनी ‘हार्ट फेल्युअर आहे’ असे सांगितले की घरचे लोक एक तर हंबरडा फोडतात, नाही तर समोर चालता-बोलता बसलेला माणूस पाहून डॉक्टरांवरचा विश्वास गमावतात. ‘हृदय निकामी होणे’ हा पाठ्यपुस्तकी प्रतिशब्दही तितकाच दिशाभूल करणारा. निकामी म्हणजे कामातून गेलेले. आणि इथे तर हृदय दिवसाला एक लाखाच्या घरात ठोके देत असते. शरीराला लागेल तितके रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलण्यासाठी आतला दाब फार वाढवावा लागतो. हृदयविकाराचा झटका, हृदय अचानक बंद पडणे आणि हृदय हळूहळू दुबळे होणे या तीन वेगळ्या घटना आहेत. पहिलीतून तिसरी उद्भवते, तिसरीतून दुसरी उद्भवू शकते, पण तिघी एक नव्हेत.

तिसरी घटना मराठी समाजाला अनोळखी नव्हती. ती दुसऱ्या नावांनी वावरत होती. पायांवरची सूज, जलोदर, धाप, ‘म्हातारपणाचा दम’. मावळच्या भातखाचरांत आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय सुजले तर त्याचे कारण शोधायला कोणी दूर जात नाही.

एका थोर माणसाच्या बाबतीत हा आजार ‘दमा’ या नावाखाली नोंदला गेला आहे. गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वारले, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. त्यांना अनेक वर्षांचा मधुमेह होता आणि अखेरच्या काळात ‘कार्डिअ‍ॅक अस्थमा’ म्हणजे हृदयजन्य दमा. नावात दमा असला तरी दोष श्वासनलिकांचा नसतो. हृदयाची डावी बाजू रक्त पुढे ढकलण्यात कमी पडते, ते फुप्फुसांत तुंबते आणि आडवे झाल्यावर श्वास कोंडतो. रुग्ण मध्यरात्री दचकून उठतो, खिडकीशी जाऊन बसतो. थोड्या वेळाने बरे वाटते.

गांधी जानेवारी १९१५ मध्ये भारतात परतल्यावर पुण्यास आले. भारत सेवक समाजाच्या आवारात त्यांच्यासाठी एक छोटासा मेळावा होता. गोखले आपल्या निवासातून तेवढे अंतर चालून आले आणि तिथेच त्यांना मूर्च्छा आली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप धाडला, कार्यक्रम चालू द्या. अशा मूर्च्छा त्यांना अधूनमधून येत असत. गांधींनी आत्मचरित्रात हा प्रसंग नोंदवला आहे. पुढे शांतिनिकेतनात असताना त्यांना गोखल्यांच्या निधनाची वार्ता कळली. आदल्या वर्षी प्रकृतीसाठी म्हणून गोखले फ्रान्सला गेले आणि महायुद्ध पेटल्यामुळे पॅरिसमध्ये अडकले होते. त्या काळचा उत्तमातला उत्तम सल्ला त्यांना लाभत होता. पण त्या सल्ल्याच्या हाती होते काय? विश्रांती, पथ्य, हवापालट, झोपेसाठी मॉर्फीन आणि डिजिटॅलिसची पाने. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सहा वर्षे होती.

त्या डिजिटॅलिसची कथा लांबून येते. १७७५ च्या सुमारास विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराला श्रॉपशायरमधील एका वृद्धेच्या घरगुती काढ्याबद्दल मत विचारण्यात आले. अंगावर पाणी चढलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्ण त्या काढ्याने बरे होत. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणात काम करणारी एकच आहे, फॉक्सग्लोव्ह, हे विदरिंगने ओळखले. दहा वर्षे थांबून, दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी करून, त्याने १७८५ मध्ये पुस्तक छापले. फसलेले उपचारही त्याने लपवले नाहीत. मात्रा थोडी चढली की मळमळ, पिवळे दिसणे, नाडी मंदावणे आणि मृत्यू. गंमत अशी की हे औषध लघवी वाढवणारे आहे अशीच त्याची मुख्य समजूत होती. हृदयावर त्याचा काही परिणाम होतो हे त्याला जाणवले होते, पण सूज हृदयामुळे आली आहे ही साखळी पुढच्या पिढ्यांनी जोडली.

सह्याद्रीच्या या बाजूला फॉक्सग्लोव्ह उगवत नाही. त्याची भावंडे मात्र अंगणात आहेत. पिवळी कण्हेर, जिला मुले बिट्टी म्हणून ओळखतात, तिच्या बियांत डिजिटॅलिसच्याच जातकुळीची द्रव्ये असतात. खेड्यातली आई मुलाच्या हातून बिट्टीचे फळ हिसकावून फेकते ती याच कारणाने. १९७० च्या सुमारास या बियांतून काढलेल्या पेरुव्होसाइडची चाचणी दिल्लीत हृदय निकामी झालेल्या रुग्णांवर झाली. परिणाम दिसला, पण औषध म्हणून ते रुजले नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पहिल्या पावसाबरोबर उगवणारा रानकांदा हाही याच गटातला. भूमध्य समुद्राकाठच्या ज्या कांद्याने प्राचीन वैद्य जलोदर उतरवत, त्याला भारतात पर्याय म्हणून तो वापरला गेला.

आणि ओढ्याकाठचा अर्जुन, म्हणजे अर्जुनसादडा. वाग्भटाच्या परंपरेत आणि पुढे अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताच्या ग्रंथात हृद्रोगासाठी अर्जुनाची साल दुधात उकळून देण्याचा विधी आहे. ही साल आजही गावोगाव विकली जाते. १९९५ मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी बारा गंभीर रुग्णांवर चाचणी करून आशादायक निष्कर्ष मांडले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याहून मोठ्या आणि काटेकोर भारतीय चाचणीत बारा आठवड्यांनंतर हृदयाची आकुंचनक्षमता सुधारल्याचे आढळले नाही. अर्जुनाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी पहिली चाचणी सांगून दुसरी गाळू नये आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी फॉक्सग्लोव्हही एका म्हातारीच्या काढ्यातूनच आले होते हे विसरू नये.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपचारांचा मुख्य आधार होता अंथरूण. महिनोन्‌महिने पडून राहायचे, मीठ वर्ज्य करायचे, सूज फारच वाढली तर पायांत बारीक नळ्या खुपसून पाणी काढायचे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात गरमीच्या रोगावरील पाऱ्याच्या इंजेक्शनाने लघवी भरमसाट वाढते हे योगायोगाने ध्यानात आले आणि पाऱ्याची औषधे वापरात आली. तोंडाने घेण्याजोगे सुरक्षित औषध, क्लोरोथायझाइड, १९५७-५८ मध्ये आले. म्हणजे वेंगर आणि बागची भारतात हृदयाचे आलेख काढत होते नेमक्या त्याच सुमारास. मुंबईच्या श्रीमंतांचे लोणावळा-खंडाळ्यातील बंगले याच विश्रांतीच्या वैद्यकाचे अपत्य. थंड हवा, शांतता, डॉक्टरांनी सांगितलेला ‘चेंज’. हवापालटाने हृदय सुधारत नसे. मात्र जिना, दगदग आणि मुंबईचा दमट उन्हाळा टळत असल्याने रुग्णाला तसे वाटत असे.

लोणावळ्याला हृदयाशी जोडणारा दुसरा माणूस विश्रांतीसाठी आलेला नव्हता. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतील डभोईचा. बडोद्याला प्राध्यापक माणिकरावांकडे व्यायामविद्या, नर्मदाकाठी परमहंस माधवदासांकडे योग आणि अमळनेरला अध्यापन अशी वाट चालून त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते. त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक निघाले. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब उणे होतो हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून दाखवले आणि गुरूच्या स्मरणार्थ त्याला ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. १९२७ मध्ये प्रकृती ढासळलेल्या गांधींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, त्यात आसने आहेत आणि रक्तदाबाचे आकडेही. शीर्षासनासारख्या आसनाबाबत दुबळे हृदय आणि बिघडलेला रक्तदाब असणाऱ्यांनी जपून राहावे, असा इशारा त्यांनी दिला होता. भक्तगण चमत्कार मागत होते त्या काळात हा माणूस पारा किती मिलिमीटर चढला ते लिहून ठेवत होता. वेंगरांना कैवल्यधामात यावेसे वाटले ते यासाठीच. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी वारले, त्यानंतरही ही रीत टिकली. १९६८ मध्ये करंबेळकर, विनेकर आणि भोळे या तिथल्या संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात माणूस किती काळ राहू शकतो आणि त्याला बाहेर कशामुळे यावे लागते यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. समाधीची आख्यायिका त्यांनी प्राणवायू आणि कर्बवायूच्या मोजमापावर आणली.

मोजण्याच्या या वृत्तीनेच हृदयाच्या दुर्बलतेचे कोडेही उलगडले, पण त्याला वेळ लागला. जुनी कल्पना अशी होती की पंप थकला आहे, त्याला चाबूक मारा. प्रत्यक्षात अधिक नुकसान करत होती ती शरीराची समजूत. हृदयाकडून रक्त कमी आले की मूत्रपिंडाला वाटते, शरीरातले पाणीच आटले. ते मीठ आणि पाणी धरून ठेवते. वळवण काठोकाठ भरले असताना कोणी दुष्काळ समजून दरवाजे बंद करावेत, तसे. शिवाय शरीर अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांनी हृदयाला सतत टाचा मारत राहते. रक्तस्राव झालेल्या माणसाला वाचवणारी ही व्यवस्था दुबळ्या हृदयाच्या माणसाला वर्षानुवर्षे झिजवते.

म्हणून खरी औषधे आली ती चाबूक काढून घेणारी. १९७५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांना हृदयाचा वेग कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे दिली. त्या काळी असे करणे म्हणजे बुडत्याच्या पायात दगड बांधणे मानले जाई. रुग्ण सुधारले, पण वैद्यकविश्वाने विश्वास ठेवायला जवळजवळ पाव शतक घेतले. १९९९ च्या मोठ्या चाचण्यांनंतरच वाद मिटला. दरम्यान १९८७ मध्ये उत्तर युरोपातील एका चाचणीने एनालाप्रिल या औषधाने अत्यवस्थ रुग्णांचेही आयुष्य वाढते हे सिद्ध केले. या औषधांच्या घराण्याचा उगम ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासात आहे. १९९९ मध्येच स्पायरोनोलॅक्टोन. आणि विदरिंगचे डिजिटॅलिस? १९९७ च्या चाचणीत आढळले की त्याने रुग्णालयातील फेऱ्या कमी होतात, आयुष्य मात्र वाढत नाही.

गोखल्यांच्या संदर्भात सर्वांत विलक्षण वळण २०१९ चे आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे मधुमेहाचे औषध, डापाग्लिफ्लोझिन, हृदय दुबळे झालेल्यांना लाभदायक ठरते, मधुमेह असो वा नसो, हे त्या वर्षी दिसून आले. पुढच्या वर्षी त्याच्याच भावंडाने, एम्पाग्लिफ्लोझिनने, तेच दाखवले. १९१५ मध्ये पुण्यात एका माणसाच्या शरीरात जे दोन आजार हातात हात घालून चालत होते, त्या दोन्हींवर आज एकच गोळी चालते.

तपासणीचा इतिहासही असाच हळूहळू घडला. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या हृदयतज्ज्ञांनी रुग्णांच्या चार श्रेणी केल्या. त्यांना यंत्र लागत नाही. नेहमीच्या श्रमांनी त्रास नाही, नेहमीच्या श्रमांनी धाप, थोड्याशा श्रमांनी धाप, बसल्या जागी धाप. मावळात या श्रेण्या कार्ल्याच्या डोंगरावर दिसतात. एकवीरेच्या दर्शनाला मुंबईहून, कोकणातून कोळी आणि आगरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येतात. चैत्रात तर पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. दर वर्षी तोच चढ, तीच माणसे. मागच्या वर्षी एका दमात वर पोहोचलेली आजी यंदा चार ठिकाणी टेकली, तर ते वय नसून हृदय असू शकते. अनुभवी डॉक्टर ‘दम लागतो का’ असे विचारत नाहीत, कारण उत्तर ‘नाही’ असेच येते. माणसाने दम लागेल ते करणेच सोडलेले असते. ते विचारतात, गेल्या वर्षी करत होता आणि आता सोडले असे काय? रात्री उशा किती लागतात? चपलेचा पट्टा सैल करावा लागला का?

मग अंगठ्याने नडगी दाबून खळगा राहतो का ते पाहणे, मानेची शीर किती वर फुगली आहे ते पाहणे, ईसीजी, छातीचा क्ष-किरण. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एडलर आणि हर्ट्झ यांनी जहाजबांधणीतील दोष शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र हृदयावर रोखले, तिथून आजची इको तपासणी आली. इकोच्या कागदावरचा ‘ईएफ’ हा आकडा म्हणजे डाव्या कप्प्यातील रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर जाते त्याचे माप. निरोगी माणसाचाही तो १०० नसतो, ६० च्या आसपास असतो. ‘फक्त ३५ टक्के हृदय चालते’ असे म्हणून कुटुंबे खचतात ती या अज्ञानाने. उलट ईएफ उत्तम असूनही हृदय ताठ झाल्याने धाप लागणारे रुग्णही पुष्कळ असतात, विशेषतः वयस्क आणि उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रिया. त्यांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवले जाते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडलेले बीएनपी हे द्रव्य मुख्यतः ताणलेल्या हृदयातून स्रवते; रक्तातील त्याचे प्रमाण धाप हृदयाची की फुप्फुसाची, हे ठरवायला मदत करते. गोखल्यांच्या ‘दम्या’चा निवाडा आज रक्ताच्या एका नमुन्यावर होऊ शकला असता.

अखेरचा उपाय म्हणजे हृदय बदलणे. त्यात मुंबई जगाच्या फार मागे नव्हती. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला पहिले प्रत्यारोपण झाले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी ते केले. रुग्ण काही तासच जगला. मुंबईत यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडावे लागले. ते हृदय पुण्याहून आले होते.

इतकी औषधे असताना चित्र समाधानकारक असायला हवे, पण तसे नाही. केरळमधील तिरुवनंतपुरमच्या रुग्णालयांनी २०१३ मध्ये १२०५ रुग्णांची नोंदवही केली. सरासरी वय ६१, पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सुमारे दशकभर कमी. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले. अनेक कर्करोगांहून हे भयंकर आहे, तरी या आजाराची तेवढी धास्ती कोणाला नाही. कारण सूज उतरली की आजार गेला असे वाटते. गोळ्या बंद होतात. इंग्लंडमधील एका चाचणीत, हृदय पूर्ववत झालेल्या ५१ रुग्णांची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत बंद केली, तर सहा महिन्यांत सुमारे ४० टक्क्यांचे हृदय पुन्हा ढासळले. दुसरी चूक त्याहून साधी. गुडघे आणि कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामके शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि सांभाळलेले हृदय आठवड्याभरात पुन्हा रुग्णालयात पोहोचवतात. तिसरी ताटातली : लोणचे, पापड, सुकट. वजनाचा काटा हे या आजाराचे सर्वांत स्वस्त यंत्र. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अन्नाचे नसते, पाण्याचे असते, आणि धाप लागण्याआधीच ते कळते.

अंथरुणाचा काळही संपला आहे. २००९ च्या मोठ्या चाचणीने बेताचा नियमित व्यायाम अशा रुग्णांना सुरक्षित असल्याचे दाखवले. श्वासाचा विषयही परत आला, वेगळ्या वाटेने. १९९८ मध्ये इटलीतील बर्नार्डी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की दुबळ्या हृदयाच्या रुग्णांनी मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतला तर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुधारते आणि सरावानंतर श्रम करण्याची ताकदही वाढते. अभ्यास लहान होता. तीन वर्षांनी त्यांनीच दाखवले की लॅटिनमधील जपमाळ आणि ‘ॐ मणिपद्मे’चा जप या दोहोंनी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या लयीत येतो.

संथ श्वास आणि कोंडलेला श्वास यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. साधकांची नाडी गायब करणारा तो जोरकस कुंभक निरोगी छातीत काही सेकंदांचा खेळ होता. ज्याच्या फुप्फुसांत रक्त तुंबले आहे त्याने तो घरी करून पाहण्याची गोष्ट नव्हे. १९७० मध्ये अमेरिकेतील टोपिका येथे स्वामी राम यांनी हृदय ‘थांबवून’ दाखवले, तेव्हा यंत्रावर दिसले ते थांबणे नव्हते. सुमारे सतरा सेकंद हृदय मिनिटाला तीनशेच्या वेगाने फडफडत होते, इतक्या वेगाने की त्यात रक्त भरायलाच उसंत नव्हती. नाडी अर्थातच हाताला लागत नव्हती.